नवमीची सवाष्ण

प्रतिमाबाई मार्चमध्ये गेल्या. नवऱ्याच्या आधी गेल्या, म्हणून पितृपक्षातल्या अविधवा नवमीला त्यांच्या नावानं सवाष्ण जेवू घालायचीच, असं राजारामांनी ठरवलं होतं. नवमी आली शुक्रवारी. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या झाडून साऱ्या मराठी बायका शुक्रवारी ऑफिसात.

"काका, शनिवारी करा ना. मी लीव्ह कशी टाकू?" ओळखीतली नंदा फोनवर म्हणाली.

"मग प्रतिमाला तसं कळवायला हवं," म्हणत राजारामांनी फोन ठेवला.

सून अदिती ह्यूस्टनला भूगोलात पीएचडी करत होती. टेबलावर टेक्ससचा नकाशा पसरून ती काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे, रंगवत होती. लॅटिनो, म्हणजे मूळचे मेक्सिकोकडचे लोक थोडे तिथे पिवळा, जास्त तिथे तांबडा.

"बाबा, मी आहे की सवाष्ण."

"घरची चालत नाही. आणि आधी ताट मांडायला जागा तरी दे."

अदिती हसली. "आपल्या काउंटीत चारात एक माणूस लॅटिनो आहे. तुम्ही मात्र मराठी घरंच धुंडाळताय."

राजारामांना शेजारची लॅटिनो एस्तेला आठवली. तिची आणि प्रतिमाबाईंची कुंपणापाशी रोज बैठक. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे कुणाचं अडत नसे. शिवाय बोटात लग्नाची अंगठी. ते स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आले.

शुक्रवारी एस्तेला इस्त्रीचा झगा घालून आली. पान वाढेपर्यंत ती बाजूला सरकवलेला नकाशा बघत होती. अदितीनं रंगांचा अर्थ सांगितल्यावर तिनं खाली नदीकाठच्या, सगळ्यात तांबड्या काउंटीवर बोट ठेवलं.

"हे माझं गाव. माझा नवरा इथे आहे."

"कामाला?" राजारामांनी विचारलं.

"नाही. चर्चच्या मागं पुरलाय. पुष्कळ वर्षं झाली."

अदितीचा वाढता हात थांबला. राजाराम अंगठीकडे बघत राहिले. शास्त्रानं हे पान तिचं नव्हतं, आणि दुसरी सवाष्ण आता मिळणार नव्हती. एस्तेला अर्धवट उठली.

"माझं काही चुकलं का?"

"चुकलं माझंच. अंगठी बघितली आणि विचारलं नाही." मग त्यांनी आजचं जेवण कशाचं, कुणाला वाढतात, ते तिला जमेल तसं सांगितलं.

"मग मी नको," ती हळूच म्हणाली.

प्रतिमाबाईंनी जन्मात कुणाला पानावरून उठवलं नव्हतं.

"तुम्ही तिच्या मैत्रीण. बसा. अदिती, वाढ गं."

एस्तेला बसली. दोन घास खाऊन म्हणाली, "तुमच्यात या जेवणाला बोलतात का? आमच्यात गेलेल्या माणसाबद्दल खूप बोलतात."

"आमच्यात मुकाट्यानं जेवतात. पण तुम्ही बोला."

"तिनं माझी हिरवी मिरची कच्ची खाल्ली होती. डोळ्यांतून धारा, आणि मला सांगते, अजिबात तिखट नाही."

हे राजारामांना ठाऊक नव्हतं.

"मग?" त्यांनी विचारलं, आणि अदितीच्या हातातून पळी घेऊन एस्तेलाच्या पानात स्वतः खीर वाढली.