एका स्पेसचा फरक

संगणक विभागात सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्यांची धाकटी; तिने एकाच पानाच्या दोन आवृत्त्या शेजारीशेजारी उघडल्या आणि फरक शोधू लागली. मजकूर शब्दाला शब्द सारखा होता. कर्सर ओळीच्या टोकाला नेला तेव्हा कळलं, पूर्णविरामानंतर एक स्पेस जास्त होती.

इस्पितळाच्या विकीवर, म्हणजे कर्मचाऱ्यांना स्वतः बदलता येणाऱ्या पानांवर, परिचारिकांसाठी सूचना होत्या. सर्व्हर बदलताना प्रत्येक आवृत्तीचा पालक, म्हणजे जिच्यात बदल करून ती जन्मली ती आधीची आवृत्ती, नोंदवणारा रकाना कोराच राहिला होता. तो भरायचं काम धाकटीकडे आलं होतं. नुसत्या स्पेसच्या आवृत्त्या मात्र ढिगाने निघत होत्या, आणि सगळ्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेने, मोठ्या सिस्टरांनी, केलेल्या.

"कचरा आहे, उडव," मागून दादा म्हणाले. ते संगणक विभागाचे प्रमुख.

"मग त्यांच्यापासून झालेल्या पुढच्या आवृत्त्या, त्यांची पोरं, उघड्यावर पडतील, दादा."

"आजोबांच्या मांडीवर बसव. आणि उरक आता."

उडवण्याआधी तिने वॉर्डात फोन लावला.

"अगं, काही बदलल्याशिवाय ते मेलं सेव्हच होत नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "म्हणून एक स्पेस द्यायची. पुढच्या खेपेला काढायची."

"पण कशासाठी?"

"पान डोळ्यांखालून घातलंय, औषधाची मात्रा बरोबर आहे, हे मुलींना कळायला नको? त्या पानावरची तारीख बघतात. जुनी दिसली की औषध द्यायला हात आखडतो बिचाऱ्यांचा."

धाकटीने दादांना बोलावून हे जसंच्या तसं सांगितलं. दादांनी खुर्ची ओढली.

"अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं पान काढ."

तिने काढलं.

"इतिहासात खाली जा. अजून. थांब."

त्यांनी एका तारखेवर बोट टेकवलं.

"आमची चिमणी तेव्हा वर काचेच्या पेटीत होती. मुठीएवढी." ते पडद्याजवळ वाकले. "ह्या आवृत्तीत काय बदललंय?"

"एक स्पेस."

दादांनी बोट उचललं.

"सिस्टरांची पाळी कधी सुटते?"

"चारला. अजून पुष्कळ वेळ आहे."

"थांबेन," ते म्हणाले आणि वर वॉर्डाकडे जाणाऱ्या जिन्याकडे वळले.

धाकटीने ती आवृत्ती न उडवता तिचा पालक शोधला आणि त्याचा क्रमांक रकान्यात भरला.