अंजलीच्या वाट्याचं मत

मतदान उद्यावर आलं होतं, तरी अंजली रोजच्यासारखी पोळ्या लाटत होती. चाकणच्या कंपनीतून तिनं आठवड्याची रजा काढली होती. पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कामगार वस्तीतली ही डिप्लोमा झालेली सून महापालिकेला उभी होती.

प्रभागात जागा चार, आणि प्रत्येक मतदाराची मतंही चार. अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर अंजली, बाकी तिन्हींवर शेजारच्या गावठाणातले उमेदवार. त्यांचे पुढारी मारुतराव. हा मेळ घातला होता अंजलीच्या सासऱ्यांनी, भीमराजांनी. आजवर वस्तीतले दोन गट एकमेकांविरुद्ध लढत, दोन्ही पडत, आणि गटाराचं पाणी घरांत शिरतच राही. भीमराज दारोदार फिरले. "एकट्याच्या जिवावर गाव बी येत नाही अन् आपण बी येत नाही," असं सांगत राहिले. त्यांच्या शब्दाखातर दोन्ही गटांनी आपापले अर्ज मागे घेतले.

दुपारी अंजली बूथवरच्या पोरांच्या जेवणाचं विचारायला मारुतरावांकडे गेली. त्यांच्या पत्नी शालनबाईंनी तिला आत घेतलं आणि दार लोटलं.

"पोरी, बोलू नको कुटं. गावात ठरलंय. तीन मतं आपल्या मान्सांना. राखीव जागेचं मात्र समोरच्या पॅनेलातल्या बाईला."

"का काकू? तीही राखीवचीच ना?"

"ती देवळात येती. मान खाली घालून बोलती. तू..." शालनबाई अडखळल्या. "तू जयभीम म्हनतीस, समोर खुर्चीत बसतीस. लोक म्हनत्यात, ही उद्या आमाला कायदा शिकवील."

"आणि मारुतकाका?"

"त्यांनी कुनाला सांगितलं न्हाई. पर नको बी म्हनले न्हाईत." शालनबाईंनी तिचा हात धरला. "माझं मत तुलाच हाय, बघ."

घरी येऊन अंजलीनं सगळं सांगितलं. नवरा समाधान चवताळून उठला. "मग आपणही त्यांची तिन्ही मतं फिरवू. आत्ताच सांगतो वस्तीत."

भीमराज म्हणाले, "तसं केलं तर समोरचे चारी येतील. अन् ज्या दोन गटांना मी एका सतरंजीवर बसवलं, ते पुन्हा कुणावर विश्वास ठेवतील? शब्द दिलाय मी."

"शब्द त्यांनीही दिला होता, बाबा," अंजली म्हणाली.

तरी बाहेर निघालेल्या समाधानला अंजलीनंच अडवलं. वस्तीनं चारही मतं इमानानं दिली.

गावठाणातले तिघं निवडून आले. अंजली पडली. वस्तीची मतं नसती तर ते तिघंही पडले असते, हे मोजणीच्या टेबलाशी उभ्या प्रत्येकाला दिसलं. गुलालात माखलेले मारुतराव भीमराजांना भेटले.

"भीमराज भाऊ, लई वाईट झालं राव. आमी काय कुनाला सांगितलं न्हवतं."

"होय मारुतराव. तेच म्हणतो मी. तुम्ही कुणाला सांगितलंच नाही."

संध्याकाळी वस्तीतली पोरं भीमराजांच्या दारात आली. "काय दिलं तुमच्या युतीनं?" त्या आठवड्यात दोन गटांनी दोन वेगळ्या बैठका बोलावल्या. भीमराजांना एकाही बैठकीचं बोलावणं आलं नाही.

पुढं एकदा शालनबाई भाजी बाजारात दिसल्या. अंजली आपणहून जवळ गेली. "काकू, तुमचं एक मत तरी मला पडलं. तेवढंच बरं वाटतं."

शालनबाईंचा चेहरा उतरला. "न्हाई दिलं पोरी. पुठ्ठ्याच्या आडोशाला मी एकलीच हुते. बोट तुझ्या नावापाशी नेलं बी. पर बटन दाबंना."

"कुणाची भीती वाटली?"

"कुनाचीच न्हाई गं," त्या म्हणाल्या आणि तिथंच रडू लागल्या.

त्यांना समजावणं अंजलीला जमलं नाही. रागावणंही जमलं नाही. तिची शिफ्टची बस आली होती, ती निघून गेली.

मंचावर हात उंचावून पुढारी एकत्र उभे राहतात, त्याला आपण युती म्हणतो. पुठ्ठ्याच्या त्या आडोशाला आपलं स्वतःचं बोट कुठल्या नावापाशी थबकतं, हे, वाचकहो, आपण कधी कुणाला सांगितलं आहे?