गेरूचा पट्टा

१९७८च्या माघात पळसदरीच्या डाकबंगल्यावर वनखात्याच्या समितीत तीन दिवस चर्चा झाली. विषय असा, की सरकारी रान नीट राखले जाते याचे तज्ज्ञांनी प्रमाणपत्र द्यावे काय. एक पक्ष म्हणाला, द्यावे. दुसरा म्हणाला, रान सरकारचे. सरकारला दाखला देणारा कोण? रान खिडकीतून दिसत होते आणि तेवढे दर्शन दोन्ही पक्षांना पुरेसे वाटले.

पायरीशी ठाकरवाडीची बुधी बसली होती. यंदाची तोड तिच्या वाडीवरच्या रानात होती. तिथल्या एका कोशिंबाच्या झाडाखाली चाळीस वर्षांपूर्वी तिचे तान्हे लेकरू पुरलेले. चहाला बाहेर आलेल्या साहेबांना तिने विचारले,

"सायेब, माजा कोशिंब ऱ्हाईल ना?"

"खूण असेल तर राहील, आजी."

खूण तिला ठाऊक होती. मागच्या तोडीत राखलेल्या प्रत्येक झाडावर लाल पट्टा होता. ती घरी गेली आणि भिंतीसाठी कालवलेला गेरू घेऊन रानात चढली. पुतण्या नागू मागून आला.

"काकी, सरकारी नोकरी लागली का गं?"

"गप रं. पट्टा सरळ आला का, त्ये बघ."

"सायबापरीस सरळ हाय."

तिसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांचे एकमत झाले. तोडायचे प्रत्येक झाड आधी तपासलेले दिसावे, म्हणून यापुढे लाल पट्टा राखायच्या नव्हे, तोडायच्या झाडावर मारावा. ठराव तीन प्रतींत टंकलिखित झाला. वाडीत वाचता येणारे कोणी नव्हते, म्हणून तिथे प्रत पाठवली नाही.

फाल्गुनात तोड झाली. समितीने अभिप्राय लिहिला: पट्ट्याविना एकही झाड पडले नाही, रान प्रमाणपत्रास पात्र आहे. हे अक्षरशः खरे होते.

बुधी पोचली तेव्हा बुंधा ओला होता. वनरक्षक येसाजी हातोडा घेऊन उभा होता.

"म्हातारे, पट्टा होता गं याच्यावर. कुनी मारला?"

"म्या."

येसाजीने पट्ट्याचा गेरू बोटाने खरवडून पाहिला. मग त्याने हातोडा उचलला.

"आता आनखी काय मारतोस?"

"शिक्का. नियमानं तोडल्याचा."

"मार. पन हळू मार, बाबा. खाली पोर हाय."

त्याने हळू मारला. शिक्का उमटला नाही. दुसऱ्यांदा मारावा लागला.