टाळूचं ठिगळ

"कुणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही, बाई. डॉक्टरांनी माझ्या टाळूचं कातडं कापलं, खालच्या हिरडीवर ठिगळासारखं शिवलं, आणि मी तोवर चक्क घोरत होतो."

दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर मी हे शेजारच्या शिवणक्लासच्या बाईंना सांगितलं, कारण त्या उठून निघाल्या होत्या. पुढचा नंबर त्यांचा, त्यानंतरचा माझा. ऑपरेशन दोघांचंही एकच. त्या गेल्या असत्या तर त्यांच्या मागोमाग मीही जिना उतरलो असतो. याआधी दोनदा उतरलो होतो.

बाई पुन्हा टेकल्या, पण अगदी कडेला.

मी सोफ्याचा कारागीर. चाळीस वर्षं खालच्या ओठाच्या आत चुका, म्हणजे बारके खिळे, धरून काम केलं. एक हात कापड ताणायला, दुसरा हातोडीला. मग चुका ठेवायच्या कुठे? जिभेनं एकेक पुढे सरकवायची आणि ठोकायची. त्या चुकांनी घासून घासून हिरडी खाली नेली, समोरच्या दोन दातांची मुळं उघडी पडली. गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात. डॉक्टर वयानं लहान. कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, तोंडात चुका ठेवल्यात. ती समजुतीनं म्हणाली की चुका सगळ्यांच्याच होतात, आजोबा. मी म्हटलं, माझ्या अर्ध्या इंचाच्या आहेत.

मग तिनं नीट समजावलं. गेलेली हिरडी आपसूक परत येत नाही. तोंडात चुका धरणं बंद, मऊ ब्रश, हलका हात, हिरडीच्या आतपर्यंत सफाई, उघड्या मुळावर दाताच्या रंगाचा लेप. वर्षभरात हे सगळं केलं. तरी हिरडी उतरतच होती. आता टाळूचा पापुद्रा काढून तिथे शिवायचा, नाहीतर दोन्ही दात हलायला लागतील. दात गेले की बोलणं फुसफुसणार. आणि माझ्यासारख्याचं बोलणं गेलं तर मागे राहिलं काय, एक हातोडी?

वीतभर सुईनं गाद्या शिवणारा मी. पण तीच सुई माझ्या तोंडाकडे येणार म्हटल्यावर मी चपला शोधायचो.

बाईंनी हळूच विचारलं, भुलीचं इंजेक्शन दुखतं का. मी म्हटलं, डास जास्त चावतो. तेवढ्यात आतून यंत्राची घरघर ऐकू आली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. घरघर थांबेना. बाईंची नजर पुन्हा जिन्याकडे गेली. आता थाप वाढवणं भागच होतं.

म्हटलं, मध्येच मला जाग आली. बघतो तर डॉक्टरांचा टाका सैल. मी आरसा मागवला आणि उरलेले टाके स्वतःच घातले.

"कोणता टाका घातलात?"

"धावदोरा."

"ठिगळाला धावदोरा? उसवेल की ते."

"म्हणून तर वरून काजाचा टाका मारला."

त्या पहिल्यांदाच हसल्या. हसताना हात ओठांवर गेला. त्यांचंही दुखणं समोरच्याच दातांचं होतं. मला चेव आला. सांगितलं की आठ दिवसांत हिरडी इतकी वर चढली, दात शोधायला डॉक्टरांना बॅटरी लावावी लागली.

नर्सनं दार उघडून बाईंना आत बोलावलं. बाई उठल्या, पण दाराकडे न जाता माझ्यासमोर उभ्या राहिल्या. चष्मा लावला.

"आ करा."

कितीतरी मुलींकडून टिपा उसवून घेतलेला आवाज होता तो. मी मुकाट्यानं आ केला. त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली, तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. वरून पंख्याचा वारा लागला आणि त्या दोन दातांतून कळ गेली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पाहिलं. हनुवटी सोडायला त्यांनी बराच वेळ घेतला.

मग सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काका, तुमच्या तोंडात अजून एकही टाका पडलेला नाही. ही माझी पर्स धरा. मी बाहेर येईपर्यंत पळायचं नाही."