पाटी कुणी फोडली

मुक्ताईंना निमंत्रण द्यायला वाघोलीला गेले तेव्हा माझा तोरा बघण्यासारखा होता. नवी साडी, पिशवीत कादंबरीची कोरी प्रत, वर पेढ्यांचा पुडा. कवयित्री तुळजाबाईंचं बालपण मी किशोरांसाठी लिहिलं होतं. मुक्ताई ही तुळजाबाईंची धाकटी बहीण, त्या पिढीतली आता एकटीच उरलेली. रविवारी प्रकाशन होतं. त्यांनी फक्त पहिल्या रांगेत बसायचं, बाकी सगळं आम्ही बघणार होतो.

त्यांच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत आणि त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये त्या लेकाकडे राहतात. नववीतली नात निशा दार उघडायला आली; रविवारी पुस्तकातला एक उतारा तीच वाचणार होती. आजी खिडकीपाशी बसल्या होत्या. मी पुस्तक हातात दिलं, तर त्यांनी ते उलटसुलट चाचपलं आणि परत माझ्याकडे दिलं.

"वाचा की थोडं. मला दिसत न्हाई आता."

मी लगेच माझं लाडकं प्रकरण काढलं. तुळजाबाईंची 'वहिनी' ही कविता आम्ही सगळ्यांनीच शाळेत घोकली आहे. त्या कवितेतली वहिनी चुलीतली राख जमिनीवर पसरते आणि पोरीचं बोट धरून तीत अक्षरं काढते. त्यावरून मी एक गोड, हसरी भावजय रंगवली होती. भावजय म्हटली की भाऊ आला, म्हणून संभाजी नावाचा भाऊही जन्माला घातला होता. मी वाचत गेले: वहिनीने राख सारखी केली, तुळजाचं बोट हातात घेतलं, आणि पहिला 'त' काढला.

मुक्ताईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "अशीच हुती बघा आमची वैनी."

मी फुलून गेले. म्हटलं, लेखिका असावी तर अशी. "तुमचे थोरले भाऊ काय करायचे हो?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"भाऊ कुठला? आमी दोघी भनीच. वैनी म्हंजी आमची आई. चुलते तिला वैनी म्हनायचे, मग आमीबी वैनीच म्हनायला लागलो. आई अशी हाक आमी कवा मारलीच न्हाई."

पण माझ्या कादंबरीत वहिनीखेरीज वेगळी आईसुद्धा होती. अडाणी, कजाग, पोरीच्या शिकण्यावर उठलेली. आमचे प्रकाशक यज्ञेश्वर म्हणाले होते की मुलांच्या पुस्तकाला खलनायक हवा, आणि मला शोधावंही लागलं नव्हतं. खेड्यातली आई म्हणजे आडवी येणारच, हे मी सदाशिव पेठेत बसून गृहीत धरलं होतं. विचारायला वाघोलीपर्यंत यायची तसदी घेतली नव्हती. एकदा आले होते, ती फोटो काढायला.

निशा तोवर पुढची पानं चाळत होती. "आजी, ह्यात एक आई पण आहे. ती तुळजाची पाटी फोडते."

"आई? कोनाची आई?" मुक्ताईंनी मान माझ्याकडे वळवली. "आमच्या घरात असली बाई नव्हती."

खरं बोलायची वेळ तीच होती. तोंडात एकच वाक्य होतं, तेही फार मोठं नव्हतं. आणि मी म्हटलं, "अहो, ती शेजारीण आहे. गावात सगळे तिला आई म्हणतात, असं दाखवलंय."

"आसं व्हय," मुक्ताई म्हणाल्या. निशाने माझ्याकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं. मी चहा अर्धा टाकून उठले. पेढे माझ्याच पिशवीत राहिले, ते खराडीच्या सिग्नलला लक्षात आलं.

त्या सिग्नलला रिक्षा अडकली आणि मला बाकीचंही आठवलं. मी माझ्या वडिलांना जन्मभर 'काका' म्हणत आले. चुलतभावंडं म्हणायची म्हणून आम्हीही म्हणायचो, आणि शाळेत बाई विचारायच्या की हे तुझे काका का, वडील कुठे आहेत. दर वर्षी नव्या बाईंना समजावून सांगताना मी चिडायचे. म्हणजे ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर मीच तिचे वाभाडे काढले असते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं तरी मी तोंड फिरवलं.

घरी पोचताच यज्ञेश्वरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"नीरजाताई, आत 'सर्व पात्रे काल्पनिक' असं छापलंय. आपणच आग्रह धरला होतात."

"पण वहिनी काल्पनिक नव्हती. तुळजाबाईंची आई होती."

"मग आता काय, घरोघरी जाऊन खोडरबर वाटू या?"

"निदान रविवारी निशा वाचणार आहे तो उतारा तरी बदला."

"पाटीचाच उतारा पत्रिकेवर छापलाय. आणि खरं सांगू का, पुस्तकात जीव तेवढाच आहे." त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही. लावायला हवा होता.

रविवारी हॉल भरला. मुक्ताई इरकली नेसून पहिल्या रांगेत, मी व्यासपीठावर हारामागे. निवेदकाने निशाला बोलावलं. तिने माइक खाली ओढला, पुस्तक उघडलं आणि आजीकडे बघून वाचायला सुरुवात केली.

"शेजारणीने पाटी हिसकावली."

छापलं होतं 'आईने'. मला वाटलं, चुकून म्हणाली असेल. पण पुढच्या ओळीतही शेजारीणच आली, त्याच्या पुढच्याही. ज्यांनी बाहेरच्या टेबलावरून प्रती घेतल्या होत्या ते बोट ठेवून वाचत होते. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. यज्ञेश्वरांनी माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं. मी मान खाली घातली. मी थाप मारून मोकळी झाले होते आणि एवढीशी पोर आजीसाठी ती निस्तरत होती.

"'माझ्या पोटी...'" निशा वाचता वाचता थांबली.

पुढचं वाक्य मला पाठ होतं. 'माझ्या पोटी असली अवदसा कुठून जन्मली, असं ओरडून आईने पाटी उंबऱ्यावर आपटली.' ते शेजारणीच्या तोंडी घालता येत नव्हतं. निशाने पान उलटलं, परत मागे आणलं, आणि मग सरळ माझ्याकडे पाहिलं.

"का गं थांबलीस?" खालून मुक्ताईंनी विचारलं.

मी उठले. हार काढून खुर्चीवर ठेवला आणि निशाच्या हातून पुस्तक घेतलं. "आजी, ती शेजारीण नाहीये. तुळजाबाईंची आई म्हणून ती बाई मी बनवली. वहिनी म्हणजेच तुमची आई, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं."

"मग पाटी कुनी फोडली?"

"कुणीच नाही. मी."

"आन त्या दिशी शेजारीन म्हनालात ते?"

"खोटं बोलले. घाबरले होते."

मला वाटलं, मुक्ताई उठून निघून जातील, आणि जावंच, असंही वाटलं. त्या मात्र बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "पाटी शेजारनीचीच हुती, बाई. सुंदराबाईची. तिचा ल्योक तापानं गेला, तवा त्याची पाटी तिनं वैनीच्या हातात दिली. म्हनली, तुमच्या तुळजेला द्या."

त्यांनी पदराने डोळे पुसले.

"तुमी सांगून गेलात तवापासनं मी त्या माउलीला शिव्या घालतीया. म्हनलं, दिली हुतीस तर फोडलीस कशापायी."

मला खाली बसायचं होतं, पण माझी खुर्ची कुठे आहे तेच दिसेना.