अकरा बावन्नचा फोन

अप्पांच्या उजव्या खिशात कायम अर्ध्या किलोचं पितळी वजन असायचं, त्यामुळे त्यांचे सगळे शर्ट एका बाजूला ओघळलेले. चाळीस वर्षं त्यांनी काटे दुरुस्त केले. हात थरथरायला लागल्यावर दुकान बंद केलं, पण खोड गेली नाही. बाजारात दिसेल त्या काट्यावर ते आपलं वजन ठेवायचे आणि आकडा चुकला की दुकानदाराची हजेरी घ्यायचे. लहानपणी अशा वेळी त्यांची मुलगी दहा पावलं पुढे जाऊन उभी राहायची, जणू हा गृहस्थ आपला कुणीच नाही. आता ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती, पंचेचाळिशीला टेकली होती, आणि तरीही त्यांच्याबरोबर बाजारात जायचं टाळायची.

त्याच वजनाचं पोलिसांच्या कागदात ‘धातूचे हत्यार’ झालं होतं. फळवाल्याच्या काट्यावरून वाद झाला, त्याने पोलीस बोलावले, पोलिसांनी अप्पांना चौकीत नेलं. संध्याकाळी सहाला तिच्या धाकट्या भावाला निरोप आला, तो अप्पा गेल्याचाच. तपासणीत चार बरगड्या मोडलेल्या निघाल्या. पोलीस म्हणाले, म्हातारा जिन्यावरून पडला. त्या चौकीला जिना नव्हताच, दारात तीन पायऱ्या होत्या.

या गोष्टीला सात आठवडे झाले होते. पोलिसांच्या मारहाणीत माणसं मरतात त्याला जबाबदार कोण, यावर आज सभागृहात जाहीर चर्चा होती. एका बाजूला अप्पांची केस चालवणाऱ्या वकीलबाई, दुसऱ्या बाजूला पोलीस खात्यातर्फे एक अधिकारी. पहिल्या रांगेत ती आणि भाऊ.

“पोलीसही माणूसच आहे हो,” अधिकारी सांगत होते. “चौदा-चौदा तास ड्युटी. समोरचा हत्यार घेऊन अंगावर आला, तर काय त्याचे पाय चेपायचे?”

“आधी जिना दाखवा साहेब, मग पाय चेपा!” मागून कुणीतरी ओरडलं. सभागृह हसलं. तिलाही हसू येता येता राहिलं. अप्पांना हे आवडलं असतं.

वकीलबाई उठल्या. “साडेअकराला माणूस उचलला. घरी कळवलं सहाला, तेही मेल्यावर. एक फोन करायला किती वेळ लागतो? घरचं कुणी वेळेवर पोचलं असतं, तर तो म्हातारा आज काटे तपासत फिरत असता.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी भाऊ डोळे पुसत टाळ्या वाजवत होता. तिचे हात मांडीवरून हलले नाहीत.

“ती चूक आम्हाला मान्य आहे,” अधिकारी शांतपणे म्हणाले. “घरी कळवायचं काम ज्या महिला शिपायाकडे होतं, तिला कालच निलंबित केलंय. खातं कुणाला पाठीशी घालत नाही.”

आता त्यांनाही टाळ्या मिळाल्या.

“आणि मारणारे?” वकीलबाईंनी विचारलं.

“चौकशी चालू आहे.”

तिच्या पर्समध्ये मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये त्या दिवशी आलेला तो फोन अजून होता. अकरा बावन्न. दोन मिनिटं, आठ सेकंद. चौकीच्या वहीत त्याची नोंद नव्हती, कारण त्या शिपाईबाईने तो स्वतःच्या मोबाइलवरून केला होता.

“ताई, घाबरू नका,” बाई म्हणाली होती. “तुमचे वडील चौकीत आहेत. फळवाल्याशी वाजलंय त्यांचं.”

ग्रंथालयाच्या काउंटरपुढे तीन मुलं पुस्तकं घेऊन उभी होती. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. “वजन काढलं असेल ना खिशातून?”

“हो ना! आता साहेबांना म्हणतायत, चला माझ्याबरोबर, काटा तपासा.”

“बसू द्या त्यांना तिथंच. जरा अद्दल घडेल. मी पाचला सुटले की येते.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग एकदम दबक्या सुरात, “ताई, लवकर आलात तर बरं. साहेब आज फार तापलेत.”

“पाचला,” ती म्हणाली होती, आणि समोरच्या पुस्तकावर शिक्का मारला होता. सहाला भावाने कळवलं तेव्हा ती चौकीच्या वाटेवरच होती.

पुढे केस हातात घेताना वकीलबाईंनी विचारलं होतं, त्या दिवसभरात कुणाला फोन आला होता का? भाऊ म्हणाला, “कुणालाच नाही.” ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्यावर केस उभी राहिली, आणि आता एक बाई निलंबित झाली.

ती भावाकडे झुकली. “मला फोन आला होता.”

“कधी?”

“अकरा बावन्नला. बसू द्या म्हणाले मी.”

भावाचा चेहरा उतरला. “ताई, आत्ता नको. घरी बोलू.”

“सात आठवडे घरीच तर होतो आपण.”

“अगं, ते म्हणतील पोरीनंच बापाला बसवून ठेवलं.”

“मीच ठेवलं की.”

ती उठली. प्रश्नांसाठी फिरणारा माइक तिने मागितला आणि सगळं सांगितलं. काउंटर, तीन मुलं, अद्दल. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. वकीलबाईंनी फाइल मिटली.

“म्हणजे फोन केला होता,” अधिकारी म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. “आणि बसू द्या, असं मुलगीच म्हणाली. ऐकलंत ना सगळ्यांनी?”

‘बसवा म्हणाले होते, मारा म्हणाले नव्हते.’ हे वाक्य तिच्याकडे केव्हापासून तयार होतं. रोज सकाळी आरशासमोर ती ते स्वतःला ऐकवायची. ते ओठांवर आलं आणि तिने गिळून टाकलं. त्याऐवजी, आरशालाही जे कधी सांगितलं नव्हतं ते ती बोलली.

“अजून एक राहिलं. ती शिपाईबाई म्हणाली होती, लवकर या, साहेब आज फार तापलेत. म्हणजे काय होणार आहे ते चौकीत दुपारी बारालाच दिसत होतं. मलाही समजलं होतं. तरी मी पाचच म्हणाले. तिला कामावर परत घ्या. तिने कळवलं होतं. आले नाही ती मी.”

अधिकाऱ्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

वकीलबाईंनी फाइल पुन्हा उघडली. “नेमके शब्द सांगा.”

“साहेब आज फार तापलेत.”

त्या लिहू लागल्या. ती खाली बसली तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. भाऊ दारापाशी जाऊन, सभेकडे पाठ करून उभा होता. अंतर फार नव्हतं. असतील दहा पावलं.