गल्लीच्या क्रमाने

"मला एक सांगा, सभेला माणसं गल्लीच्या क्रमाने येतात का हो?"

वकिलांनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, की वहीकाकांना आधी वाटलं, गंमतच चालली आहे. टेबलावर पाच वर्षांच्या पाच हजेरीवह्या उघड्या पडल्या होत्या. वकिलांनी त्यातली एक त्यांच्याकडे सरकवली आणि पेन्सिलीचं टोक पानावर ठेवलं.

"हे बघा. पहिल्या एकसष्ट सह्या कशाही आहेत, माणूस जसा आला तशा. ते ठीक. आता बासष्टपासून पुढं पाहा. पाण्याच्या टाकीजवळचं पहिलं घर. मग दुसरं, मग तिसरं. ती गल्ली संपली की मागची गल्ली, उलटीकडून. पाचही वर्षं हेच. एक घर इकडचं तिकडं नाही."

वहीकाकांनी पान पाहिलं. सह्या ज्याच्या त्याच्या होत्या, ओळी मात्र त्यांनी स्वतः पट्टी ठेवून आखलेल्या. कामातला नेटकेपणा हा त्यांचा एकुलता एक गुण, आणि आज तोच त्यांना गोत्यात आणत होता. एखाद्या गबाळ्या कारकुनाने वही वेडीवाकडी फिरवली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.

विणकरांच्या सहकारी संस्थेत ते चौतीस वर्षं कारकून होते. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. सगळी वस्ती त्यांना वहीकाका म्हणायची. संस्थेचा हॉल सुताच्या गोदामावर, सव्वीस पायऱ्या चढून. वार्षिक सभा भर दुपारी, चालू माग बंद ठेवून कोण येणार? कोणाचा गुडघा धरलेला, कोणाच्या घरी आजारी माणूस, कोणाला नुसताच कंटाळा. पहिल्याच वर्षी सभेला एकोणीस टाळकी जमली, तेव्हा त्या वेळचे चेअरमन म्हणाले होते, "लोक वहीकडं येत नाहीत ना? मग वही जाऊ दे लोकांकडं." तेव्हापासून सभा झाली की तीन दिवस वहीकाका सायकलला वही लावून दारोदार फिरत. चेअरमन बदलले, वही फिरत राहिली. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

आणि वहीकाका नुसती सही घेऊन पळणारे नव्हते, हेही सांगायला हवं. ते प्रत्येक घरी बसत. मागाचा खडखडाट थांबवायला लावत, ठराव मोठ्याने वाचून दाखवत, "काही म्हणणं?" असं विचारत. मगच पेन पुढे करत. एकाच सभेचं इतिवृत्त तीन दिवसांत शंभरवेळा वाचणारा दुसरा कारकून जगात नसेल.

अडलं ते या वर्षी. पाच वर्षांत निदान एका सभेला जो हजर नाही, त्याला मत नाही, असा नियम काही वर्षांपूर्वीच आला होता. निवडणुकीत एका बाजूला चेअरमन, दुसऱ्या बाजूला त्यांचेच साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि दोघांचं बोलणं आता फक्त वकिलांमार्फत. मतदारयादी लागली तशी साडूंनी एकशे त्रेचाळीस नावांवर हरकत घेतली: ही माणसं सभेला आलेलीच नाहीत, सह्या बाहेर घेतल्यात. सुनावणी निवडणूक अधिकाऱ्यापुढे लागली आणि साक्षीला कारकून.

त्या दिवशी सकाळीच चेअरमननी त्यांना गोदामात बाजूला घेतलं होतं.

"काका, एकच शब्द बोलायचा. 'हॉलमध्ये.' सह्या कुठं झाल्या? हॉलमध्ये. पुढचं आपला वकील बघतो."

"पण साहेब, वही तर..."

"वही मुकी आहे हो. बोलणारे तुम्ही एकटे. आणि माझं सोडा, त्या एकशे त्रेचाळीस गरिबांच्या तोंडचं मत काढून घेणार का तुम्ही? तुमची वहिनीपण आहे त्यात."

हे मात्र वर्मी लागलं. रात्रंदिवस त्यांच्याही मनात तेच होतं.

आता चेअरमनचे वकील अर्धवट उठून म्हणाले, "साहेब, एका गल्लीतली माणसं मिळूनच सभेला येतात. त्यात नवल ते काय?"

वाट मिळाली होती. वहीकाकांनी नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. ती हलणार इतक्यात साडूंच्या वकिलांनी पान उलटलं.

"असेल. मिळून येत असतील. पण पाचही वर्षं शेवटची सही एकच. सभासद क्रमांक तीनशे अठरा. या सगळ्यांच्या मागून एकट्याच येतात. कोण आहेत या?"

"माझी वहिनी."

"राहतात कुठं?"

"माझ्याकडंच. मागच्या खोलीत."

"वय?"

"सत्तर झालं."

"चालतात?"

"घरातल्या घरात. गुडघे गेलेत दोन्ही."

"मग शपथेवर सांगा. या बाई सव्वीस पायऱ्या चढून पाच वर्षांत एकदा तरी हॉलमध्ये आल्या?"

पंखा किरकिरत होता. अधिकाऱ्याचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ते वहीकाकांनी आजवर इतरांच्या बाबतीत म्हटलं होतं.

बाराव्या वर्षी आई गेली तेव्हा याच वहिनीने त्यांना आपल्या पोरासारखं पदराखाली घेतलं होतं. दादा माग चालवायचा तो दिवसा. सकाळ-संध्याकाळ त्याच मागावर वहिनी बसायच्या, पण सभासद म्हणून नाव दादाचं. दादा गेल्यावर शेअर वहिनींच्या नावावर करायला सहा वर्षं लागली. कमिटी म्हणायची, बाईचं नाव कशाला, दिराचं लावा की. वहिनी हटल्या नाहीत. अर्जावर अंगठा नको म्हणून चाळिशी उलटल्यावर सही शिकल्या. इतकी वर्षं निवडणुका बिनविरोधच झाल्या. दोन्ही साडूंचं गूळपीठ होतं तेव्हा मत मागायलाही कोणी आलं नाही. या खेपेला पहिल्यांदा मत पडणार होतं. यादी लागली त्या दिवशी वहिनींनी आपलं नाव चारदा वाचायला लावलं होतं.

दुसऱ्या कोणाचं नाव वकिलांनी घेतलं असतं तर वहीकाका कदाचित खोटं बोलून गेले असते. तेही काही हरिश्चंद्र नव्हते. पण या बाईच्या नावावर खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना.

"नाही आल्या," ते म्हणाले. "वही मीच नेली. त्यांच्याकडंही आणि बाकीच्यांकडंही. पण साहेब, मी नुसत्या सह्या नाही घेतल्या. ठराव वाचून दाखवले. एकेका घरात बसून. लोक येत नव्हते म्हणून मी सभाच त्यांच्याकडं नेली."

अधिकारी तरुण होता, बाहेरगावचा. त्याने मान वर करून त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्याने लिहिलं: सह्या सभागृहाबाहेर घेतल्याचे साक्षीदारास मान्य. बाकीचं लिहायला रकाना नव्हता.

चार दिवसांनी सुधारित यादी संस्थेच्या दारावर लागली. एकशे त्रेचाळीस नावं गेली होती. चेअरमन वहीकाकांशी बोलेनासे झाले, साडू जास्तच गोड बोलू लागले, आणि दुसरं पहिल्यापेक्षा जड जात होतं. टाकीजवळच्या गल्लीत एक म्हातारा विणकर होता, कानाने ठार बहिरा. त्याने वहीकाकांना सायकलवरून येताना पाहिलं आणि दार लावून घेतलं. ज्या गल्लीत तीस वर्षं पाणी विचारल्याशिवाय कोणी सोडलं नव्हतं, त्या गल्लीतून ते सायकल हातात धरून, खाली बघत बाहेर पडले.

घरी सांगायचं बाकी होतं. बायको म्हणाली, "मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही निस्तरा."

वहिनी खिडकीपाशी बसून सुताचा गुंता सोडवत होत्या. माग विकून आठ वर्षं झाली होती, पण शेजारपाजारचे गुंते अजून त्यांच्याकडेच यायचे. वहीकाकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वकील, क्रम, शपथ, यादी. वहिनींचे हात चालूच होते.

"खरं बोललात ते बरं केलंत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "खोटं बोलून आला असता तर मी आत घेतलं नसतं."

वहीकाकांचा जीव भांड्यात पडला. पण तो घटकाभरच.

"म्हणजे मी घरी बसून सही करत होते, ती सहीच नव्हती?"

"वहिनी, तसं सगळेच..."

"मी सगळ्यांचं नाही विचारलं. मी सुताचं बोलले होते. दर वर्षी बोलले. सूत कच्चं येतं, मागावर तुटतं, बायकांचा अर्धा दिवस गाठी मारण्यात जातो, हे सभेत मांडा म्हटलं. तुम्ही लिहून घेतलंत. माझ्यासमोर लिहिलंत. ते कोणाच्या कानावर घातलंत?"

वहीकाकांनी ते लिहिलं होतं, हे खरं. दर वर्षी वहीच्या शेवटच्या पानावर, तारीख टाकून, सुबक अक्षरात. सभा तर तोवर उरकलेली असायची. त्या पानावर त्यांच्याखेरीज कोणाची नजर गेली नव्हती.

"नाही घातलं," ते म्हणाले.

वहिनींनी गुंता मांडीवर ठेवला.

"पाच वर्षांत एकदाच जायचं होतं ना? एकदाच?"

"हो."

"मग मला सांगायचं होतंत. एकदा चढले असते की मी. बसत बसत, रांगत, कशीही चढले असते. तुम्ही मला कधी विचारलंच नाही. म्हातारीला त्रास नको म्हणून वही घरी आणलीत, आणि मी आपली सही करून बसले, मलाही विचारतात म्हणून."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर वहीकाकांना सोपं गेलं असतं. आपण या बाईवर आजवर माया केली असंच ते समजत होते. त्या मायेनेच तिचं मत खाल्लं होतं, हे त्यांना त्या खोलीत उभं असताना कळलं. माफी मागायला तोंड उघडलं तर वहिनींनी पुन्हा गुंता हातात घेतला होता. पुढचे सहा दिवस त्या त्यांच्याशी कामापुरतं बोलल्या. शेजारणी गुंते घेऊन यायच्या, खोलीत बराच वेळ कुजबुज चालायची, आणि वहीकाका आले की ती थांबायची.

मतदानाच्या दिवशी त्या ठेवणीतले कपडे घालून पुढच्या खोलीत येऊन बसल्या. हातात काठी.

"रिक्षा बोलवा."

"वहिनी, यादीत नाव नाही. तिथं जाऊन..."

"नाव नाही ते मला ठाऊक आहे. पण नाही म्हणायचं तर त्यांनी माझ्या तोंडावर म्हणावं. तुमच्याकडून ऐकून मी घरात बसायची नाही. ते फार झालं."

वहीकाकांनी रिक्षा बोलावली.

संस्थेच्या दारात दोन्ही साडूंची माणसं चिठ्ठ्या वाटत उभी होती. वहिनींना पाहून दोन्हीकडच्या चिठ्ठ्या हातातच राहिल्या. वहीकाकांनी हात पुढे केला. वहिनींनी तो पाहिला आणि कठडा धरला. एका पायरीवर दोन्ही पाय टेकायचे, श्वास घ्यायचा, मग पुढची. नवव्या पायरीवर त्या बसल्या. सतराव्या पायरीवर बसल्या तेव्हा ओठ पांढरे पडले होते. वहीकाका दोन पायऱ्या मागे, हात अर्धवट पसरून चढत होते. मतदानाला आलेली माणसं जिन्याच्या खाली थांबून राहिली. कोणी "जरा बाजूला व्हा" म्हणालं नाही.

वर पोचल्यावर वहिनींनी हॉलवरून एकदा नजर फिरवली. लाकडी बाकं, एक फळा, माजी चेअरमनच्या तसबिरी.

"एवढंच होय?" त्या म्हणाल्या.

टेबलाशी तोच तरुण अधिकारी बसला होता. वहिनी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्याने खुर्ची द्यायला सांगितली, त्यांनी ती घेतली नाही.

"सभासद क्रमांक तीनशे अठरा."

त्याला ठाऊक होतं. तरी त्याने यादीवर पट्टी ठेवून ती ओळीओळीने खाली आणली. तीनशे बारा. तीनशे सव्वीस. मधलं काही नव्हतं.

"आजी, यादीत तुमचं नाव नाही. मत देता येणार नाही तुम्हाला."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "कळलं."

त्या वळल्या आणि बाकावर जाऊन बसल्या. वहीकाका त्यांच्यामागून जायला निघाले तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. टाकीजवळच्या गल्लीतला बहिरा म्हातारा आत येत होता. त्याच्यामागे त्याच गल्लीतल्या दोघी म्हाताऱ्या बहिणी, एकमेकींना धरून. जिन्यावर अजून पावलं वाजत होती. वहीकाकांनी वहिनींकडे पाहिलं. त्या समोर पाहत बसल्या होत्या. गुंत्यांबरोबर गेले सहा दिवस निरोप बाहेर जात होता, आणि तो त्यांच्या दिराला सोडून सगळ्या वस्तीला पोचला होता.

म्हाताऱ्याने आपला क्रमांक सांगितला. अधिकाऱ्याने पट्टी खाली आणली आणि म्हणाला, नाव नाही. म्हाताऱ्याने कानाला हात लावला. अधिकारी पुन्हा म्हणाला, मोठ्याने. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. म्हाताऱ्याने मान हलवली, नमस्कार केला आणि तो वहिनींच्या शेजारी येऊन बसला. बसताना त्याने वहीकाकांना जागा करून दिली, पण ते बसले नाहीत.

पाच वाजेपर्यंत नाव गेलेले अठ्ठ्याऐंशी जण आले. ज्यांची नावं होती ते मत देऊन खाली जात होते, ज्यांची नव्हती ते बाकांवर बसत होते, आणि बाकं भरल्यावर भिंतीला टेकून उभे राहिले. कोणी भांडलं नाही. प्रत्येकाने क्रमांक सांगितला, पट्टी खाली येईपर्यंत वाट पाहिली, उत्तर ऐकलं. अधिकाऱ्याचा आवाज बसला होता. पहिल्या काहींना तो यादीतून डोकं वर न काढता नाही म्हणाला होता. मग मान वर करून म्हणू लागला. शेवटच्या वीस-पंचवीस जणांना मात्र तो दर वेळी खुर्चीतून उठून, उभा राहून नाही म्हणाला.